आत्या मोजायची राहिली

सुताराच्या घराण्यातले पुरुष कंबरेने जातात, असं सगळेच म्हणत. आजोबा कंबरेने गेले, वडील कंबरेने, काकाही. जन्मभर रंधा मारायचा तर दुसरं काय होणार, म्हणून कुणी खोलात गेलं नाही. साठीत सुताराला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तो हाडांत उतरला की कंबर धरते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा त्या कंबरांचा उलगडा झाला. बिचाऱ्या रंध्याने तीन पिढ्या फुकटच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

आज रक्ताचा रिपोर्ट आला. एका जनुकात बदल होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असावा. लग्न झालेली मुलगी मुद्दाम रजा काढून सोबत आली होती, पण तिला त्याने बाहेरच बाकावर बसवलं. हे पुरुषांचं दुखणं, तुझं आत काय काम, म्हणाला. सुताराला मुलगा नव्हता. त्यावरून लोकांनी कमी टोमणे मारले नव्हते. आज पहिल्यांदाच त्याला ते बरं वाटलं. पीडा आपल्यापाशीच संपली.

डॉक्टरीणबाई कागदावर त्याचं घराणं काढत होत्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, कॅन्सर झाला असेल तर आतून काळं. चार चौकोन काळे झाले, चौथा त्याचा स्वतःचा. मग त्यांनी वडिलांच्या बहिणींबद्दल विचारलं.

"एक आत्या होती. पण ती लग्न होऊन गेली, तिला आमच्या घरात कशी धरणार?"

कशाने गेली, हे आठवायला त्याला डोकं खाजवावं लागलं. छातीत गाठ झाली होती. चाळिशीही गाठली नव्हती बिचारीने.

बाईंनी वडिलांच्या शेजारी वर्तुळ काढलं आणि काळं केलं.

"रक्त सासरचं होत नाही हो," त्या म्हणाल्या. "हा बदल बापाकडून मुलीतही जातो. निम्मी शक्यता. बाईला त्याने स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर होऊ शकतो."

सुताराच्या चौकोनाखाली एकच वर्तुळ होतं. तो घाबरला. स्वतःचा रिपोर्ट ऐकतानाही तो इतका घाबरला नव्हता. बाहेर जाऊन सगळं ठीक आहे म्हणणं सोपं होतं. पोरीने विश्वासही ठेवला असता. पण तो उठला आणि त्याने दार उघडलं.

मुलगी मोबाइलवर ऑफिसचं काम उरकत होती.

"आत ये," तो म्हणाला.

"तुम्हीच म्हणालात ना, पुरुषांचं दुखणं?"

"चुकलो मी. हे माझ्याकडून तुझ्यातही आलं असेल."

हा माणूस जन्मात कुणापुढे चुकलो म्हणाला नव्हता. मुलीला आधी आपली लेक आठवली.

"मग माझ्या छकुलीचं काय?"

"आधी तुझं रक्त बघू. तुझ्यात नसेल, तर तुझ्याकडून तिच्यात जाणार नाही."

तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि बापाच्या आधी आत गेली.