डब्ल्यूची गासडी

महमूद परकारांनी लोखंडी आकड्यानं गवताच्या गासडीत फट पाडली, मनगटापर्यंत हात आत सरकवला आणि नाडी बघणाऱ्या हकिमासारखे डोळे मिटून उभे राहिले. नोव्हेंबरातली सकाळ होती. बहरीनच्या मीना सलमान बंदरातल्या त्या गोदामाचा पत्रा गार पडला होता. गासडी मात्र आतून कोमट होती.

"काय म्हणतोय हात, चाचा?" लेस्टरनं विचारलं. लेस्टर वसईचा, गोदामाच्या ऑफिसात क्लार्क. परकारांना समजणारं इंग्रजी थोडं आणि गोदामात येणारं इंग्रजी फार, म्हणून हा माणूस सदैव त्यांच्या बाजूला.

परकारांनी मूठभर गवत ओढून नाकाशी नेलं. "नाय बरा. गूळ करपल्यावानी वास येतोय. ओली असताना बांधलीय."

"पण मशीन तर बारा टक्के ओलावा दाखवतंय. बारा म्हणजे ओके असतं."

"मशीनला नाक हाय काय?"

लेस्टरनं मशीन बाजूला ठेवलं. या नाकापुढे बोलायची गोदामात कुणाची टाप नव्हती. बहरीनमधले घोडे, गाई, शेळ्या ज्या लसूणघासावर जगतात, तो महासागर ओलांडून इथे येतो आणि परकारांच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे जात नाही. बुरशी धरलेलं गवत घोड्याला मारतं आणि ओली गासडी थप्पीत दाबली गेली तर आपोआप पेट घेते. परकारांच्या रेसिडेंट कार्डावर 'सुपरवायझर' लिहिलेलं असलं, तरी एकोणीस वर्षं ते खरं काम करत होते ते वास घेण्याचं. हूरा भागातल्या फ्लॅटवर त्यांची बायको अख्तरुन्निसा म्हणायची, "अमेरिकेचा गवत करपलेला यांना कळतो. चुलीवरचा सालन करपला तर शेजारीण येऊन सांगते!"

आज मात्र परकारांना आपल्याच नाकाचा राग आला होता. गवत होतं आयडाहोतल्या एका कुटुंबाच्या शेतावरचं. बारा वर्षांत या शेतानं एकदाही मान खाली घालायला लावली नव्हती. आणि दुबईतलं चाऱ्याचं प्रदर्शन आटोपून त्या शेताची मालकीण आज दहा वाजता स्वतः गोदामात येणार होती.

मालक हाजी हुसेन साडेनऊला आले. त्यांनी ऐकलं आणि हात झटकले. "खलास. अगले साल ये फार्म मफी, नहीं चाहिए. दूसरा देखो."

"हाजी, एक लॉट खराब निकला. बारा साल अच्छा दिया."

"महमूद, मेरे पास घोडेवाले आते हैं. एक घोडा मरा, तो बारा साल भी मरा." मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "आने दो उसको. तुम देखो. तुम्हारा हाथ जो बोलेगा, वही."

एका अख्ख्या शेताचं भवितव्य आपल्या पाच बोटांवर आलेलं पाहून परकारांनी हात पँटला पुसला.

बाई आली. हॅझेल तिचं नाव. पन्नाशीची, उन्हानं रापलेली मान, पायात जाड बूट. परकारांनी आधी तिचे हात पाहिले. तळव्यांना घट्टे, सुतळीनं कापल्याच्या जुन्या रेघा. त्यांना बरं वाटलं. हाजींशी हस्तांदोलन होतं न होतं तोच ती थेट आपल्या गासड्यांकडे गेली आणि परक्याच्या गोठ्यात आपला बैल दिसावा तशी त्यांच्यावर थाप मारली.

परकारांना राहवलं नाही. "लेस्टर, विचार तिला, शेत किती? माणसं किती?"

लेस्टर दोन्हीकडचं बोलणं पोचवू लागला.

"सहाशे एकर," हॅझेल म्हणाली. "माणसं तीन. मी, नवरा आणि मुलगा. नवरा सकाळी शाळेची बस चालवतो, मग ट्रॅक्टरवर बसतो."

"सहाशे गुंठे असंल, नीट विचार."

"एकरच, चाचा."

परकार पाहतच राहिले. म्हसळ्याजवळ त्यांच्या घरचं अकरा गुंठ्यांचं भाताचं शेत होतं. लावणीला आठ माणसं वाकायची, तरी संध्याकाळी एक कोपरा राहायचाच. आणि इथे तीन माणसं! मग ते विचारत सुटले आणि ती सांगत सुटली. हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. उन्हाळ्यात चार कापण्या. गवत वाळलं तरी लगेच बांधायचं नाही. दवाची वाट पाहायची, कारण कोरड्या गवताची पानं झडतात आणि नुसत्या काड्या उरतात. दव कमी असलं तर पानं गेली, जास्त झालं तर गासडी कुजली. मध्ये तासा-दोन तासांची वेळ मिळते. पाऊस आला तर तीही नाही. बँक, यंत्रं, भाव, सगळ्यांशी भांडण आहेच. "पण पहाटे शेवटची गासडी बाहेर पडते ना," ती म्हणाली, "तेव्हा सगळ्या शेताला जो वास सुटतो, तो घेतला की मी पुन्हा एक वर्ष भांडायला तयार होते."

परकारांनी मान डोलावली. तो वास त्यांना ठाऊक होता. बारा वर्षं तो त्यांच्यापर्यंत येत होता, जरा शिळा होऊन, पण येत होता.

तेवढ्यात हाजींनी घड्याळ पाहिलं. "लेस्टर, पूछो, इस साल डब्ल्यू क्यों नहीं है?"

लेस्टरनं तिला समजावून सांगितलं. तिच्याकडून येणाऱ्या प्रत्येक गासडीच्या चिठ्ठीवर एक अक्षर असतं. डब्ल्यू, एच किंवा टी. त्यातलं डब्ल्यू म्हणजे पहिल्या प्रतीचा माल. बहरीनमधले घोडेवाले तेच मागतात. जिदहफ्स गावचा एक म्हातारा तर दुसऱ्या अक्षराला हातही लावत नाही. यंदा सगळे एच आणि टी. डब्ल्यू ग्रेड बंद केली का?

हॅझेलनं एकदा हाजींकडे पाहिलं, एकदा परकारांकडे.

"ती ग्रेड नाही," ती म्हणाली. "ते माझे वडील. वेंडेल. गासडी ज्यानं बांधली त्याचं अक्षर तिच्यावर लावायचं, हा त्यांचाच नियम. एप्रिलमध्ये गेले."

लेस्टरनं ते मराठीत सांगितलं. बारा वर्षं परकार एका माणसाला हातानं ओळखत होते आणि तो माणूस आहे हेच त्यांना माहीत नव्हतं! दुनियेच्या पार त्या टोकाला कुणी वेंडेल पहाटे दव पाहत उभा राहायचा, आणि त्याच्या नावाचं अक्षर इथल्या तबेल्यांतून चांगुलपणाचं माप होऊन बसलं होतं.

"इन्ना लिल्लाहि," हाजी हुसेन पुटपुटले.

आता खराब गासडी दाखवणं परकारांच्या जिवावर आलं. पण न दाखवणं ही त्या मेलेल्या माणसाशी बेइमानी झाली असती. त्यांनी हॅझेलला हातानंच खूण केली, आकड्यानं पाडलेली फट दाखवली. तिनं हात घातला. बाहेर काढला, हुंगला. तिचा चेहरा उतरला.

"नदीकडचं शेत," ती म्हणाली. "ढग भरून आले होते. विचारायला कुणी नव्हतं. यंत्र बारा म्हणालं, मी बांधून टाकलं. बाबा असते तर थांबले असते. ते यंत्र वापरायचेच नाहीत. ते असे..."

तिनं बाजूच्या एका गासडीतून मूठभर गवत उपसलं आणि दोन्ही मुठींत धरून पिळलं. पिळता पिळता ते कानाशी नेलं.

परकार दोन पावलं पुढे आले. म्हसळ्याच्या खळ्यात त्यांचे अब्बा पेंढ्याची उडवी रचण्याआधी अगदी असंच करायचे. पेंढा पिळून कानाशी धरायचे. करकर मोडला तर रचायचा, मऊ वळला तर आणखी एक ऊन. अब्बांनी आयुष्यात श्रीवर्धनच्या पलीकडे पाय ठेवला नव्हता. मग हे त्या वेंडेलला कुणी शिकवलं?

"लेस्टर, सांग तिला, माझा बाप पण असाच ऐकायचा. सांग तिला!"

लेस्टरनं सांगितलं. हॅझेलनं परकारांकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"हाजी," परकार वळून म्हणाले, "नदीवाला माल मैं एक-एक निकालता हूँ. बाकी सब अच्छा है. अगले साल भी इनका ही लो."

"तुम्हारा हाथ बोलता है?"

"हाथ बोलता है."

"खलास," हाजी म्हणाले. या वेळी त्या शब्दाला धार नव्हती.

परकार हॅझेलला गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले. म्हसळ्याच्या घरी अम्मा भाताची कणगी कधी पुरती रिकामी होऊ देत नसे. तळाशी बरकतीचं मूठभर भात राहायलाच हवं. परकारांनी ती रीत इथेही चालवली होती. दरवर्षीच्या मालातली एक गासडी कोपऱ्यात राहायची, नवी आली तरी तिला वर्षभर हात लावायचा नाही. घोडेवाल्यांनी कितीही गळ घातली तरी नाही. तिथे गेल्या वर्षीची एक होती. चिठ्ठीवर निळ्या शाईत डब्ल्यू.

हॅझेल चिठ्ठीवरून बोट फिरवत राहिली.

परकारांनी खिशातून चाकू काढला. "बिस्मिल्ला" म्हणून पट्टी कापली. वर्षभर अंधारात पडलेलं गवत आतून अजून हिरवं होतं. त्यांनी त्यातली एक मूठ काढून तिच्या हातात दिली.

तिनं ती पिळली आणि कानाशी नेली. पण गोदामात दोन फोर्कलिफ्ट घरघरत होत्या, मागे सरकताना शिट्या मारत होत्या. तिला काही ऐकू येईना.

परकार ताडताड चालत मध्यभागी गेले आणि हात वर करून ओरडले, "बंद करो! दोनों गाडी बंद करो!"

एक थांबली, मग दुसरी. ड्रायव्हर खाली उतरून उभे राहिले. हाजी हुसेनही दारातच थांबले. कोपऱ्यात हॅझेलनं पुन्हा मूठ आवळली आणि त्या एवढ्या मोठ्या गोदामात वेंडेलचं गवत करकरलं.