मानाचा सर्व्हर

समृद्धीच्या मेलला विषय एकच असायचा: 'फक्त बाबांसाठी'. ती रॉटरडॅमहून लिहायची, इंग्रजी अक्षरांत मराठी. बोरी बुद्रुकच्या आमच्या ऑफिसात ती मेल छापून कुंडलिकशेठच्या हातात द्यायची, हे माझं काम. शेठ स्वतः कॉम्प्युटरला हात लावत नसत. युरोपला द्राक्षं पाठवणाऱ्या माणसानं बटणं बडवत बसायचं, हे त्यांना कमीपणाचं वाटायचं.

लग्नानंतरची पहिली पत्रं तिकडच्या महाग भेंडीची आणि थंडीची होती. २००५च्या दिवाळीत मात्र एक आलं, त्यात वर माझ्यासाठी दोन ओळी होत्या. 'यशोताई, हे बाबा एकटे असताना दे. फोन समर्थच्या टेबलावर असतो, म्हणून मी वाचनालयात येऊन लिहिते.' खाली एवढंच होतं की नवऱ्याला, समर्थला, राग फार लवकर येतो आणि मला त्याची भीती वाटते.

शेठनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. "नवं नवं आसतं आसं," म्हणाले आणि चहा मागवला.

मला त्यांचा राग आला, पण पोरगी लांब होती आणि घाबरलेली होती. मी तिला उलट लिहिलं, 'तुझं पत्र बाबांशिवाय कुणाच्या हाती जाणार नाही. ही जबाबदारी माझी.'

कंपनी दोन व्याह्यांची. बोरीचे कुंडलिकशेठ मुलीचे वडील, आणि आंबेगाव तालुक्यात निरगुडसरला सावळेरामशेठ, ते मुलाचे. त्यांचा समर्थ रॉटरडॅमचं ऑफिस बघायचा. दुबईला एक भाचा बसवला होता. तो काय बघायचा ते कुणालाच माहीत नव्हतं. या सगळ्यांचं टपाल एकाच पत्त्यावर यायचं, ऑफिसच्या. सर्व्हर बोरीत माझ्या टेबलाखाली होता आणि लोडशेडिंगमुळे दिवसातून दोनदा मान टाकायचा. त्या जानेवारीत हॉलंडच्या एका गिऱ्हाइकाची मेल परत गेली आणि दोघेही शेठ एकदम जागे झाले. दुसरा सर्व्हर पाहिजे, असं ठरलं.

मी येडगावची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली. मी चार पानांचा आराखडा केला. मुख्य सर्व्हर पुण्यात, भाड्याच्या जागेत, जिथे वीज जात नाही. राखीव सर्व्हर रॉटरडॅमला. मुख्य बंद पडला की राखीव टपाल धरून ठेवणार, तो उठला की त्याच्या हवाली करणार. साधं काम होतं.

"आपलं टपाल भाड्याच्या घरात?" कुंडलिकशेठ म्हणाले.

"आन निरगुडसरला काय जागा नाय व्हय?" सावळेरामशेठ म्हणाले.

पुणं गेलं, रॉटरडॅम गेलं. मुख्य बोरीत आणि राखीव निरगुडसरला, एवढ्यावर आलं. दोन्हीकडची वीज एकाच वेळी जात नाही, म्हणून मीही मान हलवली. मग मी समजावलं की बाहेरून येणाऱ्या मेलला दोन्ही पत्ते आकडे घालून द्यावे लागतात. बोरीला दहा, निरगुडसरला वीस. सावळेरामशेठ एकदम खूश झाले. आपल्याला वीस मिळाले, व्याह्यांना दहाच! पेढे मागवायचे तेवढे बाकी होते.

तिसऱ्या दिवशी त्यांची जीप बोरीच्या दारात करकचून थांबली. लहान आकड्याकडे मेल आधी जाते, हे समर्थनं फोनवर सांगितलं होतं.

"मुलाकडचे आमी," ते उभ्याउभ्याच बोलले, "आन आमचा नंबर दुसरा?"

"कंपनी बोरीच्या पत्त्यावर हाय, पावणं," कुंडलिकशेठ म्हणाले.

पुढचे दोन तास सर्व्हरचं नाव कुणी काढलं नाही. लग्नात कुणाच्या मामाला फेटा उशिरा बांधला, कुणाच्या पंगतीला जिलेबी संपली होती, सगळं निघालं. नारळ आधी कुणाच्या हातात द्यायचा, या भानगडीतून आमचं घर आजोबांनी छप्पन सालीच दीक्षा घेऊन सोडवलं. मी पन्नास वर्षांनी डिप्लोमा करून पुन्हा त्याच भानगडीत येऊन बसले होते. शेवटी तोडगा निघाला. दोघांनाही दहा!

"दोघांना दहा दिलं तर निम्मं टपाल इकडं येईल आणि निम्मं तिकडं," मी म्हणाले. "कुठली मेल कुठं, ते कुणालाही सांगता येणार नाही. मग दोन्हीकडचं रोज मला एकत्र करावं लागेल."

"आमच्याकडं आलेलं टपाल तुमी का बघायचं?" सावळेरामशेठ म्हणाले.

"बराबर हाय," कुंडलिकशेठ म्हणाले. "तेंचं तेंच्याकडं."

लग्नापासून व्याही पहिल्यांदाच एका मुद्द्यावर एक झाले. इंटरनेटच्या दोन लीज लाइनी आल्या, दोन जनरेटर आले, दोन्हीकडे पूजा झाली. दहाचा आकडा दोन्हीकडे मीच टाकला. मी सांगून मोकळी झाले होते ना! समृद्धीला दिलेला शब्द त्या क्षणी माझ्या डोक्यातही आला नाही. या दोघांना नावं ठेवताना मी हे विसरत नाही.

फेब्रुवारीत बोरीला मेल आली. 'बाबा, तुमचं उत्तर मिळालं. सासरी नांदायचं असतं, पुन्हा असलं लिहू नकोस, असं तुम्ही म्हणता. बरं. आता नाही लिहिणार.'

शेठनी कागद दोनदा वाचला. "मी कवा उत्तर दिलं?"

निम्मं टपाल तिकडं जात होतं. मी स्कूटी काढली आणि निरगुडसर गाठलं.

तिथे टपालाला गेणभाऊ होते. तीस वर्षं पोस्टात काढून निवृत्त झालेले. त्यांनी प्रत्येक मेल छापून, भोकं पाडून, आवक क्रमांक घालून फायलीत लावली होती. समृद्धीची तीन पत्रं निघाली. पहिल्यात समर्थनं हात उचलला होता. दुसऱ्यात परत उचलला होता. तिसऱ्यात लिहिलं होतं, 'बाबा, पासपोर्ट माझ्याजवळ आहे. फक्त तिकीट पाठवा. मला घरी यायचंय.' त्यावर निळा शिक्का, आवक क्रमांक चारशे बारा. मागे उत्तराची प्रत टाचलेली, आणि तिच्याखाली सही 'बाबा'.

"गेणभाऊ, वर फक्त बाबांसाठी लिहिलंय. दिसलं नाही?"

"दिसलं की. पन पत्ता ऑफिसचा, आन ऑफिस हे बी हाय."

"आणि हे उत्तर?"

"आमचं शेट सांगत गेले, मी टाईप केलं. खाली बाबा लिव्हा म्हनले, लिवलं." त्यांनी चष्मा पुसला. "मी कशाला मधी पडू?"

तीस वर्षं दारोदार पत्रं पोचवणारा माणूस! मी फायलीतून चारही कागद ओढून काढले. "आवं, नोंद झालीया त्येची!" ते मागून ओरडत राहिले.

कुंडलिकशेठनी चारही कागद वाचले. मला वाटलं, आता हे उठतील. व्याह्याच्या दारात जातील, निदान टेबलावर मूठ आपटतील. त्यांनी कागद टेबलावर ठेवले.

"गेणभाऊ सोडून आनखी कुनी वाचलं का?"

मी तिसरं पत्र पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं.

"आत्ता माल बंदरावर चाललाय," ते म्हणाले. "व्याह्यांना दुखवून जमायचं नाय. हंगाम संपल्यावर बघू."

मी कागद उचलले आणि थेट त्यांच्या घरी गेले. समृद्धीची आई, अश्विनीकाकू, ओट्यापाशी होत्या. इंग्रजी अक्षरांतलं मराठी त्यांना वाचता येईना, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. तिसरं पत्र निम्म्यावर आलं तेव्हा त्यांनी गॅस बंद केला.

"तुज्याकडं दुसरा पत्ता हाय का? ह्या लोकांचा नसलेला?"

होता. माझा स्वतःचा, फुकटातला. आम्ही दोघी स्कूटीवरून नारायणगावला गेलो आणि सायबर कॅफेत एका खुर्चीवर दाटीनं बसलो. मी लिहिलं, 'ते उत्तर बाबांचं नव्हतं, तुझ्या सासऱ्यांचं होतं. तुझी पत्रं त्यांच्या हाती गेली, त्यात माझीही चूक आहे. आई शेजारी बसली आहे. तिकीट काढतोय. उत्तर याच पत्त्यावर दे.' काकूंनी पडद्याकडे बोट केलं. "ये म्हणून लिव्ह." मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा गेलो, तर कुंडलिकशेठ कॅफेच्या दारात उभे. काकूंनी घरी काय सुनावलं होतं कुणास ठाऊक. टोपी हातात घेऊन ते कोपऱ्यात टेकले. आयुष्यात पहिल्यांदा ते कॉम्प्युटरच्या इतक्या जवळ आले होते.

उत्तर आलेलं होतं. 'आई, शनिवारचं तिकीट काढा. मी येते. ते उत्तर बाबांनी दिलं नव्हतं हे वाचून खूप रडले, पण बरं वाटलं. यशोताई, आता त्यांनी माझी खरी पत्रं वाचली असतील ना? वाचल्यावर काय म्हणाले बाबा?'

मी शेवटपर्यंत वाचून दाखवलं. काकू नवऱ्याकडे बघतही नव्हत्या.

"शेठ, काय लिहू?" मी विचारलं.

"लिव्ह की..." ते म्हणाले आणि थांबले. मग हळूच म्हणाले, "तूच लिव्ह काय तरी चांगलं."

त्यांच्या नावानं एक खोटं उत्तर तिला आधीच गेलं होतं. दुसरं मी पाठवणार नव्हते. मी कीबोर्ड पुढे ओढला आणि जे झालं होतं तेच टाईप केलं. 'बाबा म्हणाले, हंगाम संपल्यावर बघू.' काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पाठीव."