सळईचा ठेका

"थांबा काका, ताल सुटला," रेकॉर्डिस्ट माइकमध्ये म्हणाला. काचेपलीकडे कडूबा वाजवतच राहिला.

धर्मराजने मांडीवरची गिटार थांबवली. तरीही ड्रम थांबेनात.

चौदा वर्षांनी 'निखारा' बँड पुन्हा जमला होता. एक्क्याऐंशी साली कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये या पोरांनी इलेक्ट्रिक गिटारी वाजवल्या, तेव्हा जालन्याने आधी कानांवर हात ठेवले आणि मग त्यांना डोक्यावर घेतले. पुढे पोटाने सगळ्यांना पांगवले. धर्मराज घनसावंगीला शिक्षक झाला, अण्णासाहेब बियाण्यांच्या कारखान्यात लागला आणि कडूबा एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये. आताची कॅसेट सगळी जालन्यावरच्या गाण्यांची होती. त्यातले मुख्य गाणे मिलवरचे. भट्टीतून निघालेल्या लाल सळया धावताना जो खणखणाट होतो, तोच त्याचा ठेका. धर्मराजने मोठ्या हौसेने लिहिले होते, 'खणखण तुझी अंगाई, गाव सुखाने झोपी जाई.'

तालमी अण्णासाहेबच्या गोदामात झाल्या. तिथे कडूबाची एकच अट असे. "धर्मा, माझ्यासमोर बस. पाय दिसू दे तुझा."

"पायाला नजर लावतो का रे?" अण्णासाहेब चिडवी.

"तुझ्या थोबाडापेक्षा त्याचा पाय बरा हाय!"

गाणे कसे झाले असे विचारले, की कडूबा अंगठा वर करी. "लय भारी. बिलकुल मिलच!"

स्टुडिओतली रीत मात्र निराळी होती. आधी ड्रम एकटे वाजवायचे. गिटार हेडफोनमधून कानात येणार. मधली काच कमरेच्या वर होती. तिच्यातून धर्मराजचा ठेका धरणारा पाय दिसत नव्हता.

रेकॉर्डिस्ट यंत्रामागे वाकला आणि तसाच थबकला. "सर, माझीच चूक झाली. काकांच्या हेडफोनची वायर लावलेलीच नाही."

"पण सुरुवातीला तुम्ही विचारलं, ऐकू येतंय ना म्हणून. त्यानं अंगठा दाखवला," धर्मराज म्हणाला.

"हो ना," रेकॉर्डिस्ट पुटपुटला.

धर्मराज आत गेला तेव्हा कडूबा वाजवणे संपवून पाठमोरा घाम पुसत होता. धर्मराजने हाक मारली. मग मोठ्याने मारली. मागोमाग दारात आलेल्या अण्णासाहेबने आपले सारे बळ एकवटून मारली. कडूबाने शांतपणे रुमालाची घडी घातली.

धर्मराज पुढे जाऊन उभा राहिला. त्याचा हात आपोआप तोंडावर गेला होता. "कधीपासून?"

"हात काढ. तोंड दिसत न्हाई मला."

त्याने हात काढला आणि पुन्हा विचारले.

"सात वर्सं झाली असतील. आधी सायकलची घंटी गेली, मंग पोरीचा आवाज. मिलमधी सगळेच खुणांनी बोलतात, कोनाला कळनार?"

"आम्हाला सांगायचं तरी!" अण्णासाहेब ओरडला, पण कडूबा त्याच्याकडे पाहत नव्हता. धर्मराजने तेच शब्द ओठांनी पुन्हा सांगितले.

"सांगितलं असतं तर घेतलं असतं का मला?"

धर्मराज त्याच्या आणखी जवळ सरकला.

"म्हणजे गाण्याचे शब्द..."

"न्हाई ना माहीत. मिलचं हाय, येवढंच अण्णाच्या तोंडावरून समजलं. आता म्हन की. हळू म्हन, पाहू दे."

धर्मराज म्हणू लागला. भट्टी आली, लाल सळया आल्या. 'खणखण तुझी' इथपर्यंत ओठ हलले आणि उघडेच राहिले. कडूबा त्यांच्याकडे टक लावून बसला होता.

"पुढं?"

"पुढचं... अजून लिहायचंय."

"लिही मंग, मी हाय इथंच. का जा म्हन्तो मला?"

धर्मराजने नकारार्थी मान हलवली. बाहेरची खुर्ची त्याने ओढत आणली आणि ड्रमसमोर ठेवली.

"सर, एकाच खोलीत वाजवलं तर आवाज मिसळतील," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"मिसळू द्या."

तो गिटार घेऊन बसला. कडूबाने काठ्या उचलल्या, नजर खाली नेली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"धर्मा, पाय बराबर ठेव. थरथरून राह्यला."