सिरिंजांचा पूल

"जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूला चिकटवता येते, बाबा. प्रश्न फक्त योग्य गोंद निवडण्याचा असतो," असं म्हणून जावयाने खांबावरचं बोट उचललं.

खांब पडला.

खिडकीजवळ बसलेल्या सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला.

"निवडा," ते म्हणाले.

मॉडेलं बनवण्याचं हे वर्कशॉप सासऱ्यांचं. लग्न झाल्यापासून जावई त्यांच्या हाताखाली होता, म्हणजे तो कापायचा आणि सासरे चिकटवायचे. नदीवरच्या पुलाचं हे मॉडेल पहिल्यांदाच त्याच्या एकट्याच्या हाती आलं होतं. ते पसंत पडलं की सासरे घरी बसणार आणि किल्ल्या त्याला देणार, असं जेवताना बायकोच्या साक्षीने ठरलं होतं. पूल बांधणाऱ्या इंजिनिअर बाई दुपारी मॉडेल बघायला येणार होत्या.

नदी आणि पुलावरचा रस्ता अ‍ॅक्रिलिकचे. अ‍ॅक्रिलिकला क्लोरोफॉर्मचे दोन थेंब पुरतात. कडा विरघळून एकजीव होतात. स्टायरीनचे कठडेही कुरकुर न करता बसले. अडलं होतं ते खांबांपाशी. एकसारख्या, दुधी, गुळगुळीत नळ्या हव्यात म्हणून जावयाने औषधांच्या दुकानातून नव्याकोऱ्या सिरिंजा आणल्या होत्या. पेशंट कोण, असं दुकानदाराने विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे "पूल" असं सांगितलंही होतं. सिरिंजा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि पॉलिप्रॉपिलीनला कोणाशीच सोयरीक करायची नसते, हे त्याला आज सकाळी कळलं.

क्लोरोफॉर्म त्यांच्यावरून पाण्यासारखा ओघळला. इपॉक्सी छान कडक झालं आणि नखाने अख्खं सोलून निघालं. झटपट गोंदाने मात्र कमाल केली. जावयाचा डावा अंगठा तर्जनीला कायमचा भेटला.

"घासून बघितलंत का, जावईबापू?"

"घासलं."

"गरम करून?"

"वाकडा झाला. तो काय, कचऱ्यात आहे."

"आम्ही आपले लाकडाचे खांब करायचो."

"आता लाकूड कापायला वेळ कुठे आहे, बाबा?"

"मला कशाला विचारता? मी घरी बसणार आहे ना."

जावयाने दात आवळले, नदीला भोकं पाडली आणि खांब त्यांत दाबून बसवले. वर रस्ता नुसता ठेवून दिला. मग टेबलापासून लांब उभा राहून तो हळू श्वास घेऊ लागला.

इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि कोणी काही बोलायच्या आत दोन बोटांनी रस्ता अलगद उचलला. जावयाने डावा हात पाठीमागे नेला.

"हा नुसता ठेवलाय?"

"हो... म्हणजे, ते काय झालं..."

"बरोबर केलंत. खरा पूलही आम्ही खांबांवर ठेवतोच. उन्हाने तो वाढतो, थंडीत आकसतो. जखडला तर तडे जातील." त्यांनी रस्ता पुन्हा जागेवर टेकवला. "मागचे दोन पूल इथूनच नेले होते. दोन्ही घट्ट चिकटवलेले. आमचे साहेब अजून हसतात."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

मॉडेल गाडीत चढलं, गाडी गेली. जावयाने उजवा हात पुढे केला.

"किल्ल्या, बाबा."

"मॉडेल पसंत पडलं, मान्य," सासरे म्हणाले. "पण तुम्ही चिकटवलंत कुठे? तुम्हाला चिकटवता येतं का, ते बघायचं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी सासरे वेळेवर कामावर आले.