सहा कोर, साडेतीन गिगाहर्ट्झ

गोपीचंदची बायको मंजुषा पोळ्यानंतर डेंग्यूने गेली. औंढ्याच्या दुकानात लग्नाचे व्हिडिओ बनवायला नवरा-बायकोचे दोन कॉम्प्युटर होते. आता बसणारा गोपीचंद एकटा, म्हणून एक विकायचा होता.

दोन्हींचे प्रोसेसर वेगवेगळ्या कंपन्यांचे. त्याचा आठ कोरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणारे आठ भाग असलेला; तिचा सहा कोरचा. तो तिने स्वतः निवडला होता. त्यावरून गोपीचंदने तिला तीन वर्षं टोचलं. गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, "बाईनं बैलगाडी आणली." लग्नं स्वतःकडे ठेवायचा, तिला वाढदिवस आणि जावळं द्यायचा. ती म्हणायची, "तुमचे दोन कोर बंद करा, वेग सारखा ठेवा, मग बोला." तेवढा वेळ त्याला कधी झाला नाही.

हिंगोलीचा अफरोज जुने कॉम्प्युटर घ्यायचा. तो आला. "कोणतं द्यायलात, गोपीभाऊ?"

"दोन्ही बराबर करून लाव. हरंल ते ने."

आपलं जिंकावं, असं गोपीचंदला फार वाटत होतं. ते जिंकलं तर तो मेलेल्या बायकोशी निदान खोटं तरी बोलला नव्हता.

अफरोजने दोन्हीकडे सहाच कोर चालू ठेवले, वेग साडेतीन गिगाहर्ट्झवर बांधला आणि एकाच लग्नाचा व्हिडिओ दोन्हीकडे तयार करायला लावला. तिचं अकरा मिनिटांत झालं. त्याचं साडेबारा.

"भाभीचं भारी निघालं की!"

"पुन्हा लाव."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"किती डाव खेळता, भाऊ? भाभीच्या मशीनची आतली बनावटच चांगली हाय. तेवढ्याच वेगात जास्त काम उरकतं."

"तिला म्हाईत होतं."

"मग लग्नं काहून दिली न्हाई तिला?"

तेवढ्यात तांड्यावरचा भावसिंग मेमरी कार्ड घेऊन आला.

"पोरीचं लग्न हाय यात. बाईच्या बैलगाडीवर नका टाकू हं! तुमच्यावरच करा."

मंजुषा गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अफरोजने मान खाली घातली. गोपीचंद बोलायला गेला, पण तोंडातून "व्हय" एवढंच निघालं. त्याने कार्ड घेतलं. भावसिंग गेला.

अफरोज गोपीचंदच्या मशीनची वायर काढू लागला.

"ते न्हाई. तिचं ने."

"पण हरलं तर हे, भाऊ."

"मला दिसलं. पण भावसिंगला व्हय म्हणलो मी. तिचं ने."