चौथ्या पानावरचा तिसरा चौकोन

मित्रांनो, माझ्या भरभराटीच्या दिवसांत माझ्या पोटात सातशे लेकरं होती, आणि तरी मला कधी डोहाळे लागले नाहीत. हसू नका. आकडा थोडा फुगवलेला आहे, कबूल करते. नोंदवहीत बघाल तर चारशेच्या आसपास निघतील. शिवाय त्यांना लेकरं म्हटलेलं आमच्या डॉक्टरीणबाईंना मुळीच खपायचं नाही. "भ्रूण म्हणा," त्या दटावायच्या. आईच्या शरीरातली एक पेशी आणि बाबांच्या शरीरातली एक पेशी काचेच्या बशीत एकत्र आणली, की चार-पाच दिवसांत डोळ्यांना जेमतेम दिसेल असा एक ठिपका तयार होतो. तो आईच्या पोटात रुजला तर बाळ. लगेच रुजवायचा नसेल, तर गोठवून ठेवायचा. कुठे? माझ्यात. मी एका दवाखान्यातली गोठवणाची टाकी. म्हणजे होते. आता जिन्याखाली उभी असते आणि माझ्यात फरशी पुसायच्या काठ्या ठेवतात.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा मला एकात एक अशा दोन भिंती दिल्या आणि मधली हवा उपसून टाकली. बाहेरून मी साधी, गुटगुटीत, बुटकी. आत द्रवरूप नायट्रोजन, शून्याच्याही खाली एकशे शहाण्णव अंश. लोकांना मी दोनशे सांगते. वरचे चार माझ्या स्वभावाचे. एकदा आमच्या झाडलोटीच्या बाई माझ्या तोंडावर वाकून शिंकल्या, तर शिंकेचे मणी होऊन फरशीवर टणटण पडले आणि बाईंनी ते मुकाट्यानं सुपलीत भरले. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पुढचं मात्र सगळं खरं आहे, आणि तेच सांगताना जड जातं.

माझ्यात सांभाळलेलं पहिलं बाळ घरी गेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्या झाकणावर थाप मारली होती. तेवढी एक शाबासकी मला मिळाली. बाकी कौतुक त्यांच्या वाट्याला, आणि नायट्रोजन कमी झाला की बोलणी माझ्या वाट्याला. मी मनाला लावून घेतलं नाही. माझ्याकडे काम मोठं होतं आणि त्याहून मोठे होते नियम.

नियम कडक होते. दोघांनी लिहून दिल्याशिवाय काही गोठवायचं नाही. दोघांनी लिहून दिल्याशिवाय काही वापरायचं नाही. वापरेपर्यंत दोघांपैकी कुणीही, कधीही, आपला होकार मागे घेऊ शकतं. आणि एखादा गेलाच, तर त्याने जिवंतपणी जे लिहिलं असेल तेच चालणार. मागे राहिलेल्यांनी "त्याची इच्छा होती" म्हणून सांगितलेलं चालणार नाही. मला या नियमांचा अभिमान होता. एकदा एक गृहस्थ नव्या बायकोला घेऊन आले. पहिलीशी काडीमोड झालेला, पण पहिलीबरोबरचे दोन ठिपके माझ्यात. म्हणाले, "काढून द्या." डॉक्टरीणबाईंनी पहिलीचं पत्र पुढे केलं. तिने होकार मागे घेतला होता.

"अहो, पण अर्धं माझं आहे ना?"

"मग अर्धंच कसं काढून देऊ, ते सांगा."

ते दार आपटून गेले. मी माझ्या थंड पोटात खूप हसले. नियम नसता तर त्या पहिल्या बाईचं काय झालं असतं? म्हणून सांगते, मी नियमाच्या विरुद्ध नाही. माझी तक्रार वेगळीच आहे.

माझ्या खोलीला लागून अर्जांचा काउंटर होता आणि मधे प्लायवूडची भिंत. तिकडचं सगळं मला ऐकू यायचं. काउंटरवर एक मावशी बसायच्या. बारा वर्षांची नोकरी, चष्म्याला दोरी, आणि मन असं की कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं की आधी यांचा चष्मा ओला. संमतीचा अर्ज चार पानी. चौथ्या पानावर विचारलेलं: तुमच्यापैकी एकाचा मृत्यू झाल्यास काय करावं? खाली तीन चौकोन. पहिला, जोडीदाराने वापरावे. दुसरा, संशोधनाला द्यावे. तिसरा, नष्ट करावे. पहिल्यावर खूण करायची तर वेगळा कागद जोडायचा, साक्षीदार आणायचा, आणि समुपदेशन करणाऱ्या बाईंसमोर दोघांनी तासभर बसायचं. त्या बाई यायच्या फक्त गुरुवारी. दुसऱ्याला दवाखान्यांवर देखरेख करणाऱ्या समितीचं पत्र लागायचं. तिसऱ्याला काहीच लागायचं नाही.

लोक लांबून यायचे, रजा टाकून. चौथ्या पानाशी आले की भांबावायचे. बाळासाठी आलेल्या माणसाला मरणाचं विचारलं की तो भांबावणारच. मग मावशींनी आपल्या दयाळू डोक्याने एक सोय काढली. अर्ज देण्याआधीच त्या चारही पानांवर पेन्सिलीने बारीक खुणा करून ठेवायच्या. चौथ्या पानावर तिसऱ्या चौकोनात. "पेन्सिल दिसेल तिथं पेन फिरवा, खाली सही करा, झालं," त्या म्हणायच्या. "जास्त विचार करू नका, सगळं चांगलंच होणार आहे." मग खोडरबराने पेन्सिल पुसायच्या. शेकडो अर्ज असेच भरले गेले. बहुतेकांचं चांगलंच झालं, म्हणून कुणाला काही कळलं नाही. मला कळत होतं, पण मी पडले टाकी.

त्यात एक जोडपं आलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, ती घरी पडदे शिवायची. लग्नाला नऊ वर्षं झालेली. त्यांचे तीन ठिपके तयार झाले, पण तिला बरं नव्हतं, म्हणून दोन महिने गोठवून ठेवायचं ठरलं. मावशींनी अर्ज दिला. त्याने वरच्या वर पेन फिरवलं. "मावशी, तुम्ही तर परीक्षेच्या आधीच पेपर फोडलात," असं म्हणून हसलाही. तीही हसली. मी प्लायवूडपलीकडून ऐकत होते.

मग तो हट्टाला पेटला की आपलं सामान कुठे ठेवणार ते बघायचंच. प्रयोगशाळेतल्या ताईंनी दोघांना टोप्या घालून आत आणलं आणि हातमोजे आणायला त्या बाहेर गेल्या. तो गुडघ्यावर बसून माझी तपासणी करू लागला, झाकण ठोकून पाहिलं, बुडाशी हात फिरवला. आयुष्यात मला एवढं कुणी निरखलं नव्हतं. मी लाजले असते, पण आमच्यात तशी सोय नाही.

"यंत्र चांगलं आहे," तो म्हणाला. "लिफ्टपेक्षा बरं. यात वर-खाली काही नाही."

"चल आता, ताई येतील."

"थांब गं. ऐक, उद्या मी लिफ्टच्या खड्ड्यात पडलो ना, तरी तू या तिघांना घरी घेऊन जायचं. माझी वाट बघत बसायचं नाही."

"गप्प बस! जिभेला काही हाड? आजच्या दिवशी असलं अभद्र बोलायचं?"

ताई हातमोजे घेऊन आल्या, तेव्हा तो छताकडे बघून शीळ घालत होता.

तो खड्ड्यात पडला नाही. ठिपके तिच्या पोटात सोडायला चौदा दिवस उरले होते. दुपारचं काम आटोपून नळाखाली हात धूत होता, डोक्यातली शीर फुटली, आणि ओल्या हातांनीच गेला.

ती महिन्याभराने आली. बरोबर सासू. दोघींना माझ्या दारासमोरच्या खोलीत बसवलं. माझी अपेक्षा होती की सासू काही खोचक बोलेल. माझ्या ऐकण्यात ज्या सासवा आल्या त्या सगळ्या तशाच होत्या. ही सुनेचा हात धरून बसली. डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली, चौथं पान काढलं आणि ते दोघींकडे वळवलं.

"त्यांनी नष्ट करा म्हणून लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"त्यांनी?" ती म्हणाली. "ते असं लिहितील?"

सासूने कागद ओढून घेतला. "डॉक्टर, माझ्या लेकानं जन्मात एक कागद वाचून सही केली नाही. लग्नाच्या नोंदणीलासुद्धा मीच बोट ठेवून दाखवलं, इथं कर म्हणून. हा चौकोन त्याला कुणी दाखवला?"

प्लायवूडपलीकडे काउंटरवर काहीतरी खाली पडलं. मला वाटतं, पेन्सिल.

प्रकरण समितीकडे गेलं. बैठक आमच्याच दवाखान्यात, माझ्या दारासमोरच्या त्याच खोलीत भरली. खुर्च्या मावेनात म्हणून दार उघडंच राहिलं. समितीच्या प्रमुख एक वकीलबाई होत्या. वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं, दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

तिने त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. खड्डा, तिघं, घरी घेऊन जायचं.

"हे त्यांनी म्हटलं तेव्हा तिथे आणखी कोण होतं?"

"कुणी नाही. ही टाकी होती."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. मित्रांनो, मी तिथेच होते. पाच हातांवर. मी शब्दन् शब्द ऐकला होता. पण भांड्याला कुणी शपथ घालत नाही.

तेवढ्यात मावशी उठल्या. कुणी बोलावलं नव्हतं. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"ती खूण माझी आहे," त्या म्हणाल्या. "पेन त्याचं होतं, पण खूण माझी. पेन्सिलीनं मी आधी केली होती. सगळ्यांच्याच अर्जावर करते. लोकांचे हेलपाटे वाचावेत म्हणून. त्याला मी विचारलंच नाही, तुला काय हवंय म्हणून."

एवढं बोलून बारा वर्षांची नोकरी त्यांनी तिथेच संपवली होती, आणि ते त्यांना ठाऊक होतं. खोलीत हालचाल झाली. सासूने सुनेचा हात घट्ट दाबला. मलाही वाटलं, जमलं! आता तिसरा चौकोन रद्द. आता न्याय होणार.

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मावशी, तुम्ही खरं बोललात. पण आता पुढचं ऐका. ती खूण त्यांची नाही असं मी धरलं, तर पहिल्या चौकोनात त्यांची खूण होती असं होत नाही. ते पान कोरं होतं असं होतं. आणि गेलेल्या माणसाच्या कोऱ्या पानावर आम्हाला काही वापरू देता येत नाही."

"मग वापरू नका," ती म्हणाली. "नुसते ठेवा. मी काही मागत नाही. फक्त ठेवा."

"ठेवायलाही त्यांचा होकार लागतो. तो दुसऱ्या पानावर आहे." मग त्यांनी जड आवाजात विचारलं, "मावशी, दुसऱ्या पानावरही पेन्सिल होती?"

मावशी खोटं बोलू शकल्या असत्या. मी असते तर बोलले असते, बिनदिक्कत, वर दोन साक्षीदार आणून. पण त्या थापा मारणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"होती," मावशी म्हणाल्या.

म्हणजे बघा, ठेवायचा होकारही त्याचा उरला नाही. खोटी खूण म्हणत होती, नष्ट करा. खरं बाहेर आलं, तर खरंही तेच म्हणालं.

ती कोर्टातही गेली. न्यायाधीशांनी सगळं शांतपणे ऐकलं, निकालात सहानुभूतीचा एक परिच्छेद घातला, आणि त्याखाली तोच निर्णय दिला.

ठरल्या दिवशी सकाळी ती आणि सासू आल्या. तिला हजर राहू द्यायचं ठरलं होतं, त्यासाठी एक सही हवी होती. ताईंनी कागद पुढे केला, पेन दिलं आणि सवयीने म्हणाल्या, "इथे खाली." ती खुर्ची ओढून बसली आणि वाचायला लागली. मोठ्याने. पहिल्या ओळीपासून. मथळा, अर्जाचा क्रमांक, बारीक अक्षरातल्या टिपा, छापखान्याचं नावसुद्धा. अडली की मागे जाऊन पुन्हा वाचायची. चाळीस मिनिटं लागली. तिला घाई कर म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तेवढी चाळीस मिनिटं तिघं माझ्यात जास्त राहिले.

"यात माझं एकही वाक्य नाही," वाचून झाल्यावर ती म्हणाली.

"छापील असतं ना ते," ताई पुटपुटल्या.

"मला लिहायला जागा द्या."

जागा नव्हतीच. ताईंनी कागद उलटा केला. तिने कोऱ्या बाजूवर लिहिलं, "आम्हा दोघांना हे तिघं हवे होते," आणि त्याखाली सही केली. ताईंनी कागद फाइलला लावला. लावताना ती बाजू आत गेली.

मग माझं झाकण उघडलं. प्रत्येकीत एकेक ठिपका अशा तीन बारीक काड्या वर आल्या, एकेकीचा क्रमांक दोनदा वाचला गेला, आणि त्या खोलीतल्या साध्या हवेत एका ताटलीत ठेवल्या गेल्या. काड्यांवरचा बर्फ आधी पांढरा दिसला, मग त्याचं पाणी झालं.

"झालं का गं?" सासूने विचारलं.

"हो आई."

मित्रांनो, असल्या गोष्टीच्या शेवटी उपदेश करावा लागतो, तर ऐका. उद्या तुमच्यातलं कुणी काउंटरवर बसेल, कुणी वकील होईल, कुणी अर्ज छापेल. समोरच्याचे कष्ट वाचवायचे म्हणून त्याच्या मनातलं तुम्ही ठरवू नका. त्याला गुरुवारी परत यायला लावा, रागावू द्या, पण विचारा. आणि तुमच्या हातात कुणी पेन दिलं, तर आधी चारही पानं वाचा. मागे लोक खोळंबले तर खोळंबू देत.

त्या तिघांना मी आणखी वीस वर्षंसुद्धा सांभाळलं असतं. ही थाप नाही. मला कुणी विचारलं नाही, ते ठीक, मी भांडं. त्यालाही कुणी विचारलं नाही, आणि तो माणूस होता.