अर्धा नंबर

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मास्तरांची बायको चार नंबरच्या खोलीत गेली. मास्तरांना न सांगता.

मास्तर समोरच्याच खोलीत होते. हातात कानस, पुढ्यात कुणा पोस्टमनच्या डाव्या पायाचं इनसोल. पायांच्या या दवाखान्यात बावीस वर्षं ते एकच काम करत आले होते: पावलाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि त्यावरून बुटात घालायची गादी कोरायची. चार नंबरमध्ये आठ महिन्यांपासून नवा फिजिओथेरपिस्ट बसत होता, आणि तेव्हापासून निम्मी माणसं इनसोल न घेताच बरी होऊन घरी जात होती. तेवढं मास्तरांनी कसंबसं गिळलं होतं. आजचं घशाखाली उतरेना.

"पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, मास्तर," नोंदणीवरच्या बाई फायली घेऊन जाता जाता म्हणाल्या.

"टाच दुखते तिची. आली असेल दाखवायला."

"हो, येऊ द्या की. तिसऱ्यांदा येतायत."

तिसऱ्यांदा! मास्तरांनी कानस पुन्हा गादीवर ओढली. समोरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून त्या पोराचा आवाज येत होता. "वहिनी, दोन्ही हात भिंतीला. दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच उचलायची नाही. ओढ बसली पोटरीला? आता तीस मोजा."

"भिंत पडेल हो तुमची," असं म्हणून ती हसली.

घरी ती अशी शेवटची कधी हसली होती, हे आठवायला मास्तरांना वेळ लागला. आठवलं ते हसू शेजारणीबरोबरचं होतं, मास्तरांनी ते दाराबाहेरून ऐकलं होतं. मग आतली बडबड थांबली. आता त्याने पाय हातात घेतला असणार, अंगठ्याने टाच दाबत असणार. मास्तरांनी खाली पाहिलं तर पोस्टमनची गादी घासून घासून कागदासारखी झाली होती. त्यांनी ती टोपलीत फेकली.

पावणेदहाला ती बाहेर आली आणि एक चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवून उभी राहिली.

"मला सांगायचंस तरी."

"अहो, दोन वर्षं सांगतेय. रोज सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की ओरडते, ते काय गाणं म्हणते होय? तुम्ही आपले एकच, इनसोल घालतेस ना, मग दुखेल कसं."

"आणि हा काय वेगळं सांगतो?"

"उठायच्या आधी टॉवेलने पाऊल ओढायला सांगतो. घरात फरशीवर अनवाणी फिरू नका म्हणतो. आणि विचारतो, दिवसभर उभं राहावं लागतं का. कापडाच्या दुकानात मी बसते का उभी असते, हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

ती कामाला निघून गेली. मास्तरांनी चिठ्ठी वाचली. 'पाऊल २४.१ सेंटीमीटर, उभं राहून. सध्याचं इनसोल अर्ध्या नंबराने लहान. नवा साचा घ्यावा.'

वरच्या फळीवरून त्यांनी बायकोच्या पायाचा साचा काढला. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी घेतलेला, दोन्ही मुलांच्या आधीचा. परक्या माणसाचा साचा ते दर दोन वर्षांनी नव्याने घेत. पाऊल वयाने पसरतं, बाळंतपणाने वाढतं, हे तेच सगळ्यांना सांगत. बायकोचा पाय त्यांना पाठ होता. त्या एका साच्यावरून त्यांनी आठ जोड कोरले होते. टेप लावली: २३.७.

ते तडक चार नंबरमध्ये गेले. "माप चुकलंय तुझं."

"असेल, दादा," तो म्हणाला. "माझा हात कच्चा आहे त्यात. तुम्हीच घ्या ना परत. तुमच्यासारखं माप इथे कुणाला घेता येतं?"

पोरगा भांडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या त्या गोड बोलण्याने मास्तरांच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

चार वाजता ती दुकानातून सुटून नव्या मापासाठी परत आली. मास्तरांनी कागद पसरला, तिला त्यावर उभं केलं आणि खाली बसून पेन्सिल पावलाभोवती फिरवली. टेप एकदा लावली. पुन्हा लावली. दोन्ही वेळा २४.१.

"किती आलं?" तिने वरून विचारलं.

"बघतो."

"बघतो काय? टेप हातातच आहे की."

"तू बूट घाल. उशीर होतोय."

तिने बूट घातले, जुन्याच गाद्यांवर. जाताना चार नंबरच्या दारात क्षणभर थांबली, आत काहीतरी म्हणाली, आतून हसण्याचा आवाज आला. मास्तरांनी उठून नोंदणीवरच्या बाईंना विचारलं, बायकोची पुढची वेळ वरच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे लावता येईल का. "येईल," बाई म्हणाल्या, "पण ते पेशंटला स्वतः सांगावं लागतं."

सहा वाजता दवाखाना बंद झाला. तेव्हाही मास्तरांच्या वहीत तिच्या नावापुढचा मापाचा रकाना रिकामा होता. चार नंबरमधली तिची गुरुवारची वेळ, नऊ वाजून दहा मिनिटांची, अजून तशीच आहे.